नरनाळ्यावर एक दिवस

मेळघाट म्हटले की आपली बहुतेक मंडळी चिखलदऱ्याला जातात. परतवाड्याहून घाट चढायचा, भीमकुंड पाहायचे, पंचबोलला उभे राहून एकमेकांच्या नावाने ओरडायचे, कॉफी प्यायची आणि संध्याकाळी परत. त्यात वाईट काही नाही. आम्हीही हे चार वेळा केले आहे. पण त्याच गाविलगडच्या डोंगररांगेत, अकोला जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अकोटपासून वीस-बावीस किलोमीटरवर नरनाळ्याचा किल्ला आणि त्याच्या भोवतीच्या खोल दऱ्या आहेत, हे अकोल्यात जन्म काढलेल्यांनाही नीट ठाऊक नसते. आमच्या कचेरीत विचारले तेव्हा बारा जणांपैकी दोघे जाऊन आले होते, आणि त्यांतला एक शाळेच्या सहलीत.

मागच्या डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही सतरा जण निघालो. वस्तीतल्या वाचनालयाची मंडळी, त्यांच्या घरच्या बाया, सात पोरे. माणशी चारशे रुपये वर्गणी, मुलांना निम्मी. हिशेब अर्थातच आमच्याकडे, बी.कॉम. झाल्याचा आजवर झालेला हाच एक उपयोग, असे घरी म्हणतात. दोन गाड्या भाड्याने केल्या होत्या. शिदोरीत पोळ्या, आलूची भाजी, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि अमरावतीहून पाहुण्याने आणलेली संत्र्यांची पिशवी.

या सतरा जणांत एक आजी होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. त्या सहलीसाठी आल्याच नव्हत्या. आमच्या एका मित्राची ती आई. मित्राच्या दहा वर्षांच्या मुलाला बरोबर चार आठवड्यांपूर्वी सोमवारी शाळेतून येताना कुत्रे चावले, पोटरीला, चांगले दोन दात रुतले होते. मित्राने जखम साबणाने नळाखाली धरली, सरकारी दवाखान्यात नेले, जखमेभोवतीचे इंजेक्शन आणि दंडातली लस त्याच दिवशी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी पुढची झाली. अठ्ठाविसाव्या दिवसाची चौथी आणि शेवटची तेवढी राहिली होती. ती दुसऱ्याच दिवशी, सोमवारी होती.

आजीचे म्हणणे असे, "सुया टोचून टोचून लेकराचं अंग चाळनी केलं. आता एक राह्यली तं राहू द्या. मले नरनाळ्यावर न्या. तळ्यापाशी गूळ-फुटाने ठेवतो अन् पोराले खाली आनतो." मित्र आमच्यासारखाच कारकून, शिकलेला. पण मुलगा खेळतो आहे, जेवतो आहे, मग शेवटच्या सुईचे एवढे काय, असे त्याच्याही मनात येऊ लागले होते. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, आईला एकदा गडावर नेले तर ती शांत होईल. सुईचे काय, असे आम्ही विचारले. त्यावर तो बोलला नाही. शेवटी असे ठरले की गडावर सगळ्यांनी जायचे आणि सोमवारी सकाळी मुलाला दवाखान्यात आम्ही स्वतः न्यायचे. आजींना पहिली अर्धी गोष्ट सांगितली, दुसरी सांगितली नाही. हे बरोबर केले असे आम्ही म्हणत नाही.

अकोला ते अकोट पंचेचाळीसेक किलोमीटर. पूर्वी छोटी लाइन होती, ती रुंदीकरणासाठी २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली आणि अकोटपर्यंतची मोठी लाइन २०२२ साली सुरू झाली. पुढे मेळघाटातून जाणारी लाइन जंगलातूनच न्यावी की बाहेरून, हा वाद आणखी वेगळा. आम्ही रस्त्याने गेलो. गांधीग्रामला पूर्णा नदी लागते. तिथला ब्रिटिशांच्या काळचा पूल तडे गेल्यामुळे २०२२ च्या ऑक्टोबरात बंद झाला.

पूर्णेच्या दोन्ही बाजूंचा हा मुलूख म्हणजे खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतली आठ-नऊशे गावे यात मोडतात. जमीन काळीशार, कपाशी आणि तूर पाहून डोळे निवतात, पण विहीर खोदली की पाणी खारे. नदीने हजारो वर्षे आणून टाकलेला गाळ इथे शेकडो फूट जाड आहे, त्यातले क्षार निघून जायला वाट नाही. गाडीतल्या मुलांना आम्ही सांगितले की याच भागातल्या दहीहांड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, आणि समुद्र इथून शेकडो मैल दूर असताना. मुलांना खरे वाटेना. मीठ कशाचे काढले? विहिरीच्या पाण्याचे! अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांना आता वान धरणावरून चौऱ्याऐंशी खेडी योजनेचे पाणी मिळते. नळ येण्याआधी आमच्या मावशीच्या गावी पाहुण्याला चहा आधी विचारत, पाणी नंतर. चहात खारटपणा जरा लपतो. मूतखड्याचे दुखणे ज्या घरात नाही असे घर त्या गावात सापडणे कठीण होते.

अकोटच्या पुढे शेते बदलतात. केळी, संत्री, विड्याच्या पानांचे मळे. पोपटखेड आले की समोर सातपुडा एकदम उभा राहतो. आधी टेकड्या, मग डोंगर, असा क्रम नाही; सपाट मैदान संपते आणि भिंत सुरू होते. याचे कारण जमिनीच्या पोटात आहे. डोंगराच्या पायथ्याशी पूर्व-पश्चिम असा मोठा भूभंग गेला आहे. त्याच्या दक्षिणेची जमीन खाली गेली, तिच्यावर पूर्णेचा गाळ साठला. उत्तरेची उंच राहिली आणि तिला पावसाच्या पाण्याने चिरत चिरत आजच्या दऱ्या केल्या. म्हणजे खालचे खारे पाणी आणि वरच्या दऱ्या या दोन्ही गोष्टी एकाच घटनेच्या पोटच्या आहेत. हे आम्हाला कॉलेजात कोणी सांगितले नव्हते. आम्ही पडलो जमाखर्चाचे विद्यार्थी.

शहानूर हे पायथ्याचे गाव. तिथे वनखात्याचे फाटक आहे. नावे लिहायची, फी भरायची, प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून दाखवायच्या, वाटाड्या सोबत घ्यायचा. नरनाळा अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले, क्षेत्र अवघे १२.३५ चौरस किलोमीटर, पण ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला लागूनच असल्याने वाघ-बिबट्याला हद्द कुठली? मोटारीचा रस्ता गडावर जातो. आजी, दोन लहान मुले आणि शिदोरी गाडीने पुढे गेली. बाकीचे आम्ही परवानगी घेऊन वाटाड्याच्या मागे पायी निघालो.

सकाळचे साडेआठ वाजले होते. थंडी चांगली होती. पहिला अर्धा तास सगळ्यांच्या गप्पा चालू होत्या, नंतर फक्त श्वासांचा आवाज. वाट साग आणि धावड्याच्या झाडांतून जाते. सागाची पाने गळायला लागली होती आणि मोठ्या पापडावर पाय पडावा तशी पायाखाली मोडत होती. वर गेल्यावर पांढऱ्या, कागदासारखी साल सुटणारी सालईची झाडे दिसू लागली. पोरांना ती भुताची झाडे वाटली. वाटाड्याने सालीला चिकटलेला डिंक नखाने खरवडून हुंगायला दिला, उदाचा वास. एका बाईंनी नव्या चपला घातल्या होत्या. तासाभरात एकीचा अंगठा तुटला. मग वाटाड्याने पळसाच्या मुळीचा दोर काढून ती अशी बांधली की संध्याकाळपर्यंत टिकली. वाचकांना एवढेच सांगतो की नरनाळ्याला जाताना जुने बूट घाला.

वाघ दिसला का, हे सगळे विचारतात. नाही. वानरे दिसली, सांबराचे खूर दिसले, अस्वलाने उकरलेले वारूळ दिसले. आम्हाला पाहायचा होता तो रानपिंगळा. हे लहानसे घुबड शंभरावर वर्षे कोणाला दिसले नव्हते, नामशेष झाले असेच पक्षीशास्त्रज्ञ धरून चालले होते. १९९७ च्या नोव्हेंबरात ते शहाद्याच्या बाजूला पुन्हा सापडले आणि मग मेळघाटातही आहे असे लक्षात आले. ते दिवसा हिंडते, म्हणून आशा होती. पण सात पोरे बरोबर असताना कोणते घुबड समोर येईल?

वाटाड्या कोरकू समाजाचा, तिशीचा. आधी मोजके बोलत होता. मेहंदी दरवाजापाशी बसलो, संत्री सोलली, तेव्हा तो मोकळा झाला. त्याचे मामाचे गाव आत होते, जंगलात. आता ते गाव तिथे नाही. मेळघाटातून पहिली तीन गावे, बोरी, कोहा आणि कुंड, २००० नंतरच्या काही वर्षांत बाहेर आणली गेली. पुढे धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी अशी आणखी गावे अकोट तालुक्यात येऊन बसली. २००८ पासून एका कुटुंबाला दहा लाख रुपये असा हिशेब होता. पैसे आले, कोणी गाडी घेतली, कोणी लग्न केले, कोणी खरोखर जमीन घेतली. जमीन, रोजगार, पाणी यांच्या तक्रारी राहिल्या. काही कुटुंबे परत जंगलात निघाली आणि २०१९ च्या जानेवारीत तिथे मोठा संघर्ष झाला, हे वर्तमानपत्रांत आले होते. आम्ही त्याला विचारले, तुझ्या मामाचे काय? तो म्हणाला, "मामाचं बरं हाये. पोरं शाळेत जातात. पन मामा अजून झोपेत उठून झऱ्यावर जातो म्हन्ते." वाघासाठी जागा हवी हे आम्हाला पटते. उठायचे मात्र दर वेळी त्यानेच ज्याच्या नावावर सातबारा नाही, हे पटत नाही. हे आम्ही तिथे बोललो नाही. आम्ही तिकीट काढून आलेले पाहुणे होतो आणि तो तिथला.

गडाचा मुख्य दरवाजा म्हणजे महाकाली दरवाजा. पांढऱ्या वालुकाश्मात कोरलेला. काळ्या दगडांच्या डोंगरात हा पांढरा दरवाजा अचानक समोर आला की माणूस थबकतोच. १४८७ साली बहामनी सुलतानाचा वऱ्हाडचा सुभेदार फतेउल्ला इमाद-उल-मुल्क याने तो बांधला. हा मूळचा विजयनगरच्या मुलखातल्या हिंदू घरातला मुलगा, लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला, आणि पुढे १४९० साली त्याने वऱ्हाडची स्वतंत्र इमादशाही काढली. अचलपूर त्याची राजधानी. दरवाजावर अरबी लेख आहे आणि दोन्ही बाजूंना सुंदर कमळे. कमळे पाहताच आमच्यातल्या एका तरुण मित्राने जाहीर केले की हे मुळात बौद्धांचेच. वाचनालयात त्याच्यासारखे उत्साही दोघे-तिघे आहेत. आम्ही त्याला म्हटले, कमळ दिसले की आपले म्हणायचे असेल तर पुरावा लागतो, आणि इथला लेख तर बांधणाऱ्याचे नाव सांगतो. आपल्याकडे अजिंठा आहे. दुसऱ्याच्या दरवाजावर हक्क सांगायची गरज काय? तो थोडा रुसला. जेवताना बोलू लागला.

आत गेल्यावर गड केवढा पसरला आहे ते कळते. मधला नरनाळा, पूर्वेला जाफराबाद आणि पश्चिमेला तेलियागड, असे तीन किल्ले एकमेकांना चिकटलेले. तटावर लांब नऊगजी तोफ पडून आहे. पोरे तिच्यावर चढली, आम्ही उतरवली, ती पुन्हा चढली. इथून दक्षिणेला स्वच्छ दिवशी मैलोगणती मैदान दिसते. त्यातच अडगाव आहे, जिथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्यानंतर पंधरवड्याने गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. त्या तहात वऱ्हाड गेले तरी नरनाळा आणि गाविलगड भोसल्यांकडेच राहिले.

पण या सगळ्यापेक्षा आमच्या डोळ्यांपुढून जात नाही ती दरी. पश्चिमेच्या तटाकडे वाटाड्या आम्हाला घेऊन गेला आणि हात आडवा धरून म्हणाला, याच्या पुढे नाही. पुढे जमीनच नव्हती. चंदनखोरे म्हणतात त्या दरीला. कड्याचे थर एकावर एक रचलेले दिसतात, पायऱ्या असाव्यात तसे. प्रत्येक थर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून आलेला लाव्हा. थरांच्या सांध्यांत गवत वाळून पिवळे झाले होते. अगदी खाली झाडांचे शेंडे शेवाळासारखे दिसत होते आणि त्यांतून पाण्याची एक चकचकीत रेघ कुठे दिसे, कुठे हरवे. एक गरुड उडत होता, पण आमच्या खाली. गरुडाची पाठ आम्ही आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. सतरातले एरवी कोणी पाच मिनिटे गप्प बसणारे नाही, पण तिथे सगळे गप्प झाले.

जवळच एक बुरूज आहे, त्याला खुनी बुरूज म्हणतात. गुन्हेगारांचा इथून कडेलोट करीत असे सांगतात. एका मुलीने विचारले, गुन्हा कोणता? वाटाड्याला माहीत नव्हते. आम्हालाही नाही. कडेलोट झालेल्यांच्या बाजूने लिहिलेली बखर आमच्या तरी पाहण्यात नाही.

गडावर बावीस तळी असल्याचे सांगतात. सगळी आम्ही मोजली नाहीत. काही कोरडी, काही झुडपांत बुडालेली. पण तीन हजार फुटांच्या वर, जिथे नदी नाही, तिथे शेकडो माणसे आणि हत्ती-घोडे वर्षभर राहतील एवढे पाणी साठवायची युक्ती पाहण्यासारखी आहे. गडाच्या पाठीवर पडणारा पावसाचा थेंब उताराने एका तळ्यात, ते भरले की दुसऱ्यात. खाली मैदानात कोस कोस चालून खारे पाणी आणायचे आणि वर डोक्यावर गोड्या पाण्याचे तळे! आमच्या पत्नी म्हणाल्या, "पाणी भरणाऱ्या बाया कुठल्या असतील? राण्या तर नसतील." हा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता.

दुपारी शक्कर तलावापाशी गेलो. इथल्या तळ्यांत सर्वांत नाव याचेच. जवळ बाघसवार वली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बुऱ्हानुद्दीन यांचे स्थान आहे. पांढऱ्या वाघावर बसून ते हिंडत, अशी कथा. पिसाळलेले कुत्रे चावलेल्या माणसाने इथे यावे, आंघोळ करावी, गूळ-फुटाणे ठेवावेत आणि मागे न पाहता गड उतरावा, म्हणजे बाधा होत नाही, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या मानीत आले. गाडीतून आलेल्या आजी तळ्याच्या काठी दगडावर बसल्या होत्या. पुडी मांडीवर होती, उघडलेली नव्हती. नातू पाण्यात खडे टाकीत होता.

आम्ही मनात भाषण तयार करून गेलो होतो. करायची वेळ आली नाही. आजी आपणहून बोलू लागल्या.

"माहा भाऊ होता. माह्याहून तीन वर्सानं मोठा. बाबासायबानं नागपूरले दीक्षा देली त्याच्या आंधीच्या सालची गोठ. पिसाट कुत्रं चावलं त्याले. बंडीत घालून आनलं, अन् गड पायी चढलो. मी बी आलो माय-बापासंग, मले ठेवाले घरी कोनी नव्हतं. गावात विहिरीले हात लावू देत नव्हते आपल्याले, वरून ओंजळीत पानी टाकत. इथं कोनी जात इचारली नाई. माह्या बापानं त्याले या तळ्यात बुडवून काढलं. माह्या बापाले लय बरं वाटलं होतं त्या दिसी, म्हने देव असावा तं असा."

मग थोडा वेळ त्या बोलल्या नाहीत.

"उतरतानी मागं पाहाचं नाई म्हनून सांगतलं होतं. माह्या पायात काटा गेला. मी मागं राह्यलो. भेव लागलं. मी हाक मारली, दादा, थांब ना वं. त्यानं वळून पाह्यलं."

"मंग?" नातवाने विचारले.

"महिन्यानं गेला. पानी दिसलं की भेत होता, घसा आवळे त्याचा. माय म्हने, हिनं हाक मारली."

पासष्टाहून अधिक वर्षे त्या म्हातारीने हे कोणाला सांगितले नव्हते. मित्रालाही नाही; त्याला मामा होता एवढेच ठाऊक होते, कशाने गेला ते नाही. त्या गडावर नवस फेडायला आल्या नव्हत्या. नातवाला आपल्या डोळ्यांदेखत, कोणी मागून हाक न मारता, खाली नेऊन पोचवायला आल्या होत्या.

आमच्या पत्नी त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. आम्ही जे सांगितले ते साधेच. कुत्रे चावले की त्याचे विष नव्हे, रोगाचा सूक्ष्म जंतू जखमेतून शिरतो आणि नसांच्या वाटेने मेंदूकडे जातो. बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी कमी, कधी जास्त. तोवर लस शरीराला तयार करते. एकदा पाण्याची भीती सुरू झाली की मग माणूस हाती लागत नाही, आजही नाही. पाश्चरने १८८५ साली ही लस एका मुलाला पहिल्यांदा टोचली, पण आपल्याकडच्या खेड्यात ती कधी आणि कशी पोचली हे आजींच्या पिढीला माहीत आहे: पोटात चौदा सुया, आणि त्याही लांबच्या शहरात. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात, चार वेळा. आजींच्या मनात मात्र सुई म्हणजे ती पोटातली.

त्यांनी विचारले, "मंग इथं येऊन लोकं बरे होत, ते?"

इथे आमचे हिशेबाचे शिक्षण कामी आले. आम्ही म्हटले, आजी, चावणारे प्रत्येक कुत्रे पिसाळलेले नसते. पिसाळलेले असले तरी प्रत्येकाला रोग होतोच असे नाही. असे जे वाचले ते दरवर्षी येऊन सांगत. जे गेले ते सांगायला कुठून येणार? म्हणजे वहीत जमेची बाजू लिहिली गेली, खर्चाची लिहिलीच नाही. आणि जो गेला त्याच्या नावापुढे काहीतरी लिहायला हवे म्हणून लिहिले, याने मागे पाहिले. तुमच्या दादाने मागे पाहिले नसते तरी तो गेला असता. तुम्ही हाक मारली म्हणून नाही. लस मिळाली नाही म्हणून.

त्या काही बोलल्या नाहीत. पटले की नाही, आम्ही विचारले नाही. त्यांच्या वडिलांना त्या दिवशी तळ्यात जे मिळाले, त्याबद्दल मात्र आम्हाला काही बोलवले नाही. महाडला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले, त्यानंतरही जवळजवळ तीस वर्षे या माणसाच्या ओंजळीत वरून पाणी पडत होते. ज्या तळ्याने त्याला पूर्ण उतरू दिले त्या तळ्याला अंधश्रद्धा हा एकच शब्द लावून आम्ही मोकळे झालो असतो. आमची जीभ तेवढी वेळेवर थांबली, हे बरे झाले.

जेवण तिथेच सावलीत केले. ठेचा जास्त झाला, पाणी कमी पडले. गडावरचे पाणी कोणी पिऊ नये. तळ्यात शेवाळ आहे आणि जनावरे येतात. प्रत्येकाने घरून दोन लिटर आणावे.

साडेतीनला वाटाड्या घाई करू लागला, अंधाराआधी फाटकाबाहेर असायला हवे म्हणून. आजींची गाडी तलावापासून थोडी लांब उभी होती, तिथवर त्या पायी निघाल्या, नातवाचा हात धरून. आम्ही पंधरा जण मागे. कोणीही कोणाला हाक मारीत नव्हते. ठरवले नव्हते, पण झाले खरे. वळणावर दरीची एक बाजू दिसते. उन्हे तिरपी झाली होती, समोरचा कडा तांबडा दिसत होता. तिथे आजी थांबल्या, आणि मागे वळल्या. आमच्याकडे पाहिले, तळ्याकडे पाहिले. मग नातवाला म्हणाल्या, "पाह्य लेका मागं. केवढी मोठी दरी हाये."

तो पाहू लागला. त्याला तर सकाळपासून दरीच पाहायची होती.

उतरताना सगळ्यांचे गुडघे बोलू लागले. चढताना लागला त्याहून उतरायला वेळ जास्त लागला. फाटकावर बाटल्या परत मोजल्या, एक कमी भरली; वनरक्षकाने आमच्याकडे असे पाहिले की हिशेबनीस म्हणून मान खाली घालावी लागली. ती नंतर गाडीत सीटखाली सापडली. वाटाड्याला ठरल्यापेक्षा थोडे अधिक दिले. अकोटला चहा घेतला, अकोल्याला पोचायला आठ वाजले. वर्गणीतून एकशे दहा रुपये उरले, ते वाचनालयाच्या खात्यात जमा केले.

सोमवारी सकाळी नऊ वाजता आम्ही मित्राच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप. जीव धसकला. दवाखान्यात गेलो. लसीच्या रांगेत मित्र, मुलगा आणि आजी आधीच उभे होते, पुढून सहावे. सुई झाली तेव्हा मुलाने तोंड वेडेवाकडे केले. आजींनी पदराच्या गाठीतून कालची पुडी काढली, त्याच्या हातावर गूळ-फुटाणे ठेवले आणि रांगेतल्या दुसऱ्या एका रडणाऱ्या मुलीलाही थोडे दिले.